व्हेल्माचा पूरक विमा

ऑक्टोबरात विमा बदलायचा हंगाम उघडला की व्हेल्मा कुचेरा एजंटाला फोन करायची. न बोलावता दारात यायला त्याला कायद्यानं बंदी, तेव्हा बोलवायचं काम तिचंच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. नेब्रास्कातल्या त्या गावात तिच्या दारी पाहुणा म्हणून येणारा माणूस उरला तो एवढा डेरिल. आता विमा विकणाऱ्याला पाहुणा म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. कोलाच्या, म्हणजे खसखस भरलेले गोड चेक पाव, भाजून, बरा ब्लाउज घालून ती सकाळपासून खिडकीशी बसली होती.

डेरिल आला, दोन कोलाच्या हाणल्या आणि दरवर्षीसारखा म्हणाला, "आहे तोच राहू द्या."

"यंदा नाही. टीव्हीवर दाखवतात ना, तो बिनहप्त्याचा घेणार मी."

"फुकट ते पौष्टिक, असंच ना? अहो व्हेल्माबाई, सरकारी विम्यानंतर उरलेलं बिल तुमचा हा पूरक विमा भरतो. तो एकदा सोडलात की तुमचं हृदयाचं दुखणं बघून कुठलीही कंपनी परत दारात उभी करणार नाही. आणि तुमचे लिंकन शहरातले डॉक्टर त्या फुकटातल्याच्या यादीतच नाहीत."

"तुला काय रे? तुला त्यात कमिशन जास्त."

"जास्तच आहे. तरी सही घेणार नाही."

ती टेबलावरचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. "त्यात वर्षातून एकदा नर्स घरी येते," ती म्हणाली. "तासभर बसते. काय जेवता, कुठं पडलात का, सगळं विचारते."

डेरिल ओशाळला. गडी सरळ, पण सरळ माणसाला कधीकधी समोरचं दिसत नाही. "खरं सांगू? तुमच्या विम्यात दरवर्षी बघण्यासारखं काही नसतंच. तो आपोआप चालू राहतो. मी उगाच येऊन खाऊन जातो. पुढच्या वर्षीपासून बोलवायची तसदी घेऊ नका, निवांत राहा."

हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. नवऱ्यानंच समजावून ठेवलं होतं.

तिनं सही केली नाही. जुना विमा शाबूत राहिला. उरलेल्या कोलाच्या कागदात बांधून तिनं त्याच्या हातात दिल्या आणि दारापर्यंत गेली.

"डेरिल, थोडं खोटं बोलला असतास तर तुझं काय जात होतं?"

थट्टा समजून तो हसला आणि गाडीत बसला.