माझा ठोका आणि कॅप्टनांचं खोगीर

मी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीवरचा वाफेचा पंप बोलतोय. हसू नका, माझ्या उमेदीच्या काळात माझ्याएवढा बळकट गडी पंचक्रोशीत नव्हता. सहा घोडे दिवसभर राबून जेवढं पाणी उपसायचे, तेवढं मी न्याहारीच्या आत बाहेर काढायचो.

पोटात वाफ भरायची, तिच्यावर गार पाण्याचा शिडकावा झाला की माझा दट्ट्या दाणकन खाली बसायचा आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला पाणी वर यायचं. कोळसा मात्र बकासुरासारखा लागायचा. खाणीचे मुख्य, कॅप्टन कार्न, मला ‘खादाड किटली’ म्हणायचे. माझा म्हातारा चालक डिगरी माझ्यावर जीव टाकायचा. अंगणात बायका माझ्या ठोक्याच्या तालावर खाणीतून आलेले कथलाचे दगड फोडायच्या.

एका दुपारी तो ठोका थांबला. दट्ट्याभोवतीचं चामडं फाटलं होतं. अंगणातले हातोडेही थांबले. त्या बायकांतली लव्हडे धावत आली. तिचा नवरा पास्को अकरा जणांबरोबर तळाशी होता, आणि पाणी चढलं की आधी शिडीचीच वाट बुडायची, म्हणजे ते खालीच अडकले होते.

“डिगरीकाका, किती वेळ आहे?”

“तासभर. पण चामडं संपलंय गं पोरी. गावातून आणेपर्यंत...”

दाराशी कॅप्टनांचा घोडा उभा होता, पाठीवर सुरेख खोगीर. लव्हडेनं त्यालाच हात घातला.

“अगं ए! लग्नातलं आहे ते माझं!”

“माझा नवरापण लग्नातलाच आहे, कॅप्टनसाहेब!”

कॅप्टनांनी स्वतःच सुरी काढली. “घे रे डिगरी. घाल किटलीला जेवायला.”

बायकांनी चामडं कापलं, डिगरीनं बसवलं आणि मी पुन्हा धडधडू लागलो. बाराही जण छातीपर्यंत भिजून वर आले. लव्हडे पास्कोवर आधी खेकसली आणि मग रडली. त्या दिवसापासून कॅप्टन माझ्यासमोरून जाताना टोपी काढायचे. माणसं कौतुक करायला उशीर लावतात, पण मनापासून करतात.

पुढे माझ्यापेक्षा कमी खाणारा नवा पंप आला. आता मी छप्पर उडालेल्या भिंतींत गंजत उभा आहे. येणारेजाणारे म्हणतात, “बंद पडलाय.” एवढं मात्र म्हणू नका हो. शेवटच्या दिवशी माझी भट्टी विझवायच्या आधी केस पिकलेली लव्हडे शिडीपाशी उभी राहिली. तिनं वर येणारा एकेक माणूस मोजला. मग माझ्या कोमट अंगावर हात ठेवून ती म्हणाली,

“थांब आता. सगळे वर आलेत.”