वळलेलं हँडल

वैद्यनाथनं वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली आणि आतलं वळलेलं हँडल सायकलवाल्या गुरुमूर्तीच्या पुढ्यात ठेवलं. तिरुचीच्या जुन्या बाजारातून ते बसनं आणताना कंडक्टरनं विचारलं होतं, "मेंढ्याची शिंगं नेताय काय सार?" सगळी बस हसली होती आणि वैद्यनाथही हसला होता. स्वारी आज भलतीच खुशीत होती.

"आमच्या हरिताच्या सायकलीला हे बसवून द्या. रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे तिची."

गुरुमूर्तीनं हात पुसले, हँडल फिरवून पाहिलं आणि पुन्हा कागदावर ठेवलं.

"सार, हे नाही चालणार."

"का? माप चुकलं?"

"मापाचं नाही. त्या सायकलीचा सांगाडाच लांब आहे, सरळ हँडलासाठी केलेला. त्याला हे लावलं तर पोरीचे हात ब्रेकपर्यंत धड पोचायचे नाहीत. शिवाय ब्रेक निराळे, गिअर निराळे. त्यापेक्षा दुसरी सायकल घेतलेली बरी."

झालं! दुसरी सायकल परवडत नव्हती, तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

पोंगलच्या आधी याच दुकानात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचं हँडल सरळ, दुसरीचं खाली वळलेलं. शर्यतीला वळलेलंच हवं, असं हरिताच्या कोचनी बजावलं होतं. ती सराव करायची त्या वल्लमच्या उघड्या रस्त्यावर वारा समोरून येतो. ताठ बसणाऱ्याची निम्मी ताकद त्याच्याशी झुंजण्यातच जाते. पण त्या सायकलीची किंमत दीडपट, आणि वैद्यनाथ पडला कॉलेजच्या ऑफिसातला कारकून, अंथरूण पाहूनच पाय पसरणार. हरिताचा हात काही त्या वळलेल्या हँडलावरून हलेना. तेव्हा वैद्यनाथला युक्ती सुचली होती.

"आत्ता सरळवाली घेऊ. बोनस आला की हँडल बदलू. हँडल काय गं, टोपीसारखं. एक काढायचं, दुसरं घालायचं!"

एवढं बोलून तो पैसे काढायला एटीएमकडे गेला होता. परत आला तेव्हा हरिता सरळवालीवर बसून घंटी वाजवत होती. स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं त्याला त्या दिवशी!

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" वैद्यनाथचा आवाज चढला.

गुरुमूर्तीनं मान खाली घातली.

"सांगितलं होतं सार. तुम्ही एटीएमकडे गेला होता, तेव्हा पोरीला सांगितलं. ती म्हणाली, अण्णा, अप्पांना बोलू नका. कळलं तर ते महागडी घेतील, आणि मग वर्षभर त्यांना झोप लागायची नाही."

पोर बिचारी रोज पहाटे त्या सायकलीवर वाऱ्याशी झगडत होती, आणि हा बाप घरी आल्यागेल्याला हँडलाच्या गप्पा ऐकवत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं हँडल पुन्हा कागदात गुंडाळलं.

"हे इथंच राहू दे," तो म्हणाला.

घरी हरिता अंगणात साखळीला तेल घालत होती.

"कुठं गेला होता अप्पा?"

"तिरुचीला. हँडल बघायला." त्यानं चपला काढायला उगाच वेळ लावला. "मिळालं नाही गं. रविवारपर्यंत काही होत नाही."

हरितानं तेलाची बाटली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"असू दे की. घाई कुठं आहे? नंतर बदलू."

"हो, नंतर बदलू," तो म्हणाला.

"जरा मागून धरा ना अप्पा. वाकून बसायला बघते."

वैद्यनाथनं दोन्ही हातांनी सीट धरली. ती सायकलवर चढली. तिनं कोपरं आत घेतली, मनगटं सरळ दांड्यावर टेकवली आणि हनुवटी पार हँडलापर्यंत खाली नेली. वळलेलं हँडल नव्हतं, म्हणून ती स्वतःच वळत होती. तिचे खांदे थरथरत होते.

"अजून खाली जाते. धरलंय ना?"

"धरलंय," वैद्यनाथ म्हणाला.