नव्वद नंबरचं तेल

शाळेत मला शिकवणारे भीमराज सर सकाळीच माळशेज घाटानं मुंबईला निघालेत, हे मला चहाच्या टपरीवर कळलं आणि हातातला ग्लास तसाच राहिला. पाच डिसेंबर. चैत्यभूमीला ते दरवर्षी एसटीनं जायचे. यंदा स्वतःची फियाट होती. बरोबर बायको बनाबाई, मुलगी रश्मी आणि तिची दोन पोरं.

ती फियाट त्यांनी माझ्या शब्दावर घेतली होती. नागापूरच्या एमआयडीसीत माझं गॅरेज. जुन्या गाड्या विकणारा रंगनाथ महिन्यापूर्वी ती घेऊन आला. इंजिन पार खिळखिळं, खडखड वाजायचं, धूर ओकायचं. म्हणाला, "गोरक्ष, हिचा आवाज बंद कर." इंजिनात घालायचं ते वीस-चाळीसचं तेल, मी गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं ओतलं. काकवीसारखं दाट. त्यानं खडखड दबते, धूर दबतो, गिऱ्हाईक फसतं. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. गिऱ्हाईक कोण, ते सर गाडी दाखवायला आले तेव्हा कळलं. "तू हो म्हणालास तरच घेतो," म्हणाले. रंगनाथ शेजारीच उभा. माझं निम्मं काम त्याच्याकडून यायचं. मी शेपूट घातलं.

"आवाज ऐका ना सर," एवढंच म्हणालो.

घर ते शाळा एवढीच गाडी चालेल, असं मनाशी धरलं होतं. आता या थंडीत ते घट्ट तेल बेअरिंगपर्यंत पोचायलाच वेळ लागणार, तोवर ते कोरडंच घासणार. घाटात इंजिन जाम झालं तर चाकं जागीच धरणार, आणि एका अंगाला दरी.

स्कूटर काढली. भाळवणी मागे पडली, फियाट नाही. समोरून येणारा ट्रकवाला घाटात काहीतरी बघून आलाय, असंच वाटायचं. एकाला थांबवून विचारायची छाती झाली नाही. इतका भित्रा माणूस दुसऱ्यांच्या इंजिनाला हात लावतो, याचीच चीड आली.

टाकळी ढोकेश्वरच्या पुढे, घाटाच्या बऱ्याच अलीकडे ती दिसली. रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं. मी आधी पोरं मोजली. दोन्ही होती. स्टँडला न लावताच उतरलो, स्कूटर आडवी झाली.

"आलास!" सरांचा चेहरा खुलला. "इंजिन एकदम धरलं बघ. पण तुला सांगितलं कुणी?"

बनाबाईंनी डबा उघडून माझ्या हातावर भाकरी ठेवली. "त्वांड केवढंसं झालंय लेकराचं. आदी दोन घास खा, मग बघ गाडी."

घास तोंडाशी नेला आणि खाली आणला. अजून सुटायला वाट होती. बेअरिंग जुनं होतं म्हटलं असतं, तर सरांनी तेही मानलं असतं. त्याचीच मला घाटापेक्षा जास्त भीती वाटली.

"सर, आवाज दाबायला दाट तेल मीच घातलं हुतं. तुमी इचारलं तवा मला ठावं हुतं."

सरांनी बॉनेट खाली ओढून बंद केलं. बनाबाईंनी भाकरी काढून घेतली नाही. फक्त माझ्याजवळ उभ्या असलेल्या दोन्ही नातवंडांना दंडाला धरून आपल्या पलीकडे घेतलं.