आर्डिस क्वामला कोण ओळखतं?

कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण आर्डिस क्वाम रस्त्यानं चालली की टॅमरॅक गावातली कुत्री भुंकायचं सोडून गुन्हा कबूल करायची. एकदा तिनं तळ्याकडं नुसतं पाहिलं, तर गळाला लागलेला मासा, आपण कायद्याच्या मापात बसत नाही म्हणून, आपला आपण पाण्यात परत गेला.

बाई केंद्र सरकारची वकील. खटला चालू असताना ज्युरीतल्या माणसाशी वकिलानं बोलायचं नाही, लिफ्टमध्ये भेटला तरी हसायचं नाही, हा कोर्टाचा नियम. आर्डिसनं तो घरी आणला. ज्युरी येतात कुठून, तर असल्याच गावांतून. आज दुकानात दूध घेणारा उद्या ज्युरीत बसला तर? त्यापेक्षा बोलूच नये. वर्षानुवर्षं ती खाली मान घालून दूध आणत राहिली. शेजारच्या बेव्हचा नवरा वारला तेव्हा हिनं ओव्हनमध्ये भाजायचं बटाट्याचं हॉटडिश केलं, पायरीवर ठेवलं आणि बेल वाजवून पळाली.

अशी ही बाई नोकरी सोडून वॉशिंग्टनला जायच्या निवडणुकीला उभी राहिली.

आता इथली रीत अशी, की शुक्रवारी हॉलमध्ये तळलेले मासे खायला सगळं गाव जमतं आणि उमेदवार तिथं बोलतो. पण आधी गावातल्या कुणीतरी उठून 'मी याला ओळखतो' म्हणावं लागतं. स्वतःची ओळख स्वतः करून देणाऱ्याला मत कोण देणार?

आर्डिस बेव्हच्या दारात गेली.

"मी काय सांगू हो वकीलबाई?" बेव्ह म्हणाली. "तुमचा कचऱ्याचा डबा मंगळवारी बाहेर येतो, एवढंच मला ठाऊक."

"तेवढं सांगितलंत तरी चालेल."

"डब्यावर कोण मत देतंय? आमचे हे गेले तेव्हा कुणीतरी न सांगता हॉटडिश ठेवून गेलं होतं. असं माणूस उभं राहायला हवं बघा. चर्चमधली कुणीतरी असणार."

"असेल," आर्डिस म्हणाली आणि घरी आली.

शुक्रवारी अध्यक्षानं विचारलं, "यांना कोण ओळखतं?" काटेचमचे थांबले. आर्डिस कोबीच्या कोलस्लॉच्या वाटीकडं बघत बसली. कोर्टात ती उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारत नसे.

आणि उठला कोण, तर डेल प्रिबिल. स्टर्जन माशाची अंडी चोरून शेजारच्या राज्यात विकली म्हणून हिनंच त्याला तुरुंगात धाडलं होतं.

"मी ओळखतो," डेल म्हणाला. "माझ्या बोटीचं नाव, माझ्या कुत्रीचं नाव, मी सकाळी किती वाजता उठतो, बाईंना सगळं पाठ. या गावात माझ्याकडं इतकं लक्ष दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. माझ्या आईनंसुद्धा."

झालं. बेव्ह रडायला लागली, अध्यक्ष रडायला लागला, हात मिळवायची रांग पार तळ्यापर्यंत गेली, आणि कढईतले मासे शेपट्यांनी टाळ्या...

"गस, पुरे," ऐकत बसलेली लेनोर म्हणाली. त्या हॉलमध्ये मासे तीच तळते. "डेल त्या शुक्रवारी आलाच नव्हता. कुणी उठलं नाही. तू पण नाही, मी पण नाही. शेवटी ती स्वतःच उठली, 'मी आर्डिस क्वाम' म्हणाली, आणि आपण सगळे खात राहिलो."