इंचभर जास्तीचा कोट

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, 'जुना' हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते सुख मिळायला नको. माझी बॅटरी केव्हाच गेली, एक बिजागरी सैल आहे आणि एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण हिशोबात मी आजवर चुकलेलो नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी माझ्यावरच खापर फोडलं.

उमेदीची वर्षं मी एका कचेरीत काढली. तिथे 'हा कधी अडत नाही' असं माझं कौतुक व्हायचं. मग नवे लॅपटॉप आले आणि मी कपाटात गेलो, तुटक्या छत्र्यांच्या शेजारी. तिथून मला एका मुलीने उचललं आणि तिच्या आत्याच्या शिवणाच्या दुकानात, थेट कापायच्या टेबलावर आणून ठेवलं.

आत्याचं मनगट दुखायचं. सोमवारी त्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर कात्री धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्या दुकान बंद करायला निघाली होती. भाचीचं म्हणणं वेगळं होतं. मापं भरली की कपड्याचा कागदी साचा आपोआप काढणारा प्रोग्रॅम ती लिहिणार होती, तो छापून कापड कापणार होती आणि दुकान चालू ठेवणार होती.

"बरं," आत्या म्हणाली, "शुक्रवारी दवाखान्यातल्या सिस्टर येतील. त्यांचा एक खांदा उतरता आहे, तयार कपडा त्यांना बसत नाही. त्यांचा कोट जमला तर किल्ली तुझी. नाही जमला तर कुलूप."

आणि माझे भोग सुरू झाले. कोड लिहिण्याआधी त्याची सगळी तयारी माझ्यात करावी लागते. भाचीने कोडची भाषा इन्स्टॉल करायला घेतली. एक्क्याण्णव टक्के झाले आणि आत्याने माझा प्लग काढून तिथे इस्त्री लावली. मी गपकन मेलो. दुसऱ्या वेळी पंच्याऐंशीवर मेलो. तिसऱ्या वेळी भाची प्लगच्या बोर्डावर हात ठेवून बसली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. मग आकृत्या काढणारी लायब्ररी म्हणाली, मला जुनं व्हर्जन हवं. जुनं टाकलं तर कोड लिहायचा एडिटर रुसला. मी प्रत्येक एरर लाल अक्षरांत, सविस्तर लिहून दाखवत होतो आणि भाची तो न वाचताच पुसत होती. मित्रांनो, आपण कळकळीने सांगावं आणि समोरच्याने खिडकी बंद करावी, याचा किती संताप येतो म्हणून सांगू!

बुधवारी एकदाचा पडद्यावर कोटाचा पुढचा भाग उमटला. आत्याच्या मापांच्या वहीतले सिस्टरचे आकडे भाचीने जसेच्या तसे भरले, कागद छापले, चिकटपट्टीने जोडले. आत्याने तो साचा सिस्टरच्या जुन्या कोटावर पसरला आणि कपाळाला हात लावला. बाही इंचभर लांब, उंची इंचभर जास्त, छाती ढगळ.

"तुझ्या डबड्याला मोजता येत नाही," आत्या म्हणाली.

डबडं! मी! भाचीने तरी माझी बाजू घ्यायची. तिने सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं. साचा तसाच आला. तिने पुन्हा पुसलं, पुन्हा तसाच. येणारच होता तसाच, मी दिलेल्या आकड्यांचाच साचा काढत होतो. उंचीत पूर्ण इंच, तर चार भागांत वाटलेल्या छातीत पाव इंच वाढत होता, त्यामुळे तिला मेळ लागेना. शुक्रवारी दुपारी तिचे डोळे भरून आले. मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही आली.

प्रत्येक साच्याच्या कोपऱ्यात मी एक चौकोन छापतो, छपाई बरोबर आहे का ते पाहायला. आत्याने वैतागून गळ्यातली पट्टी काढली आणि त्यावर ठेवली.

"हा किती इंचाचा म्हणालीस?"

"चार."

"माझ्याकडे पाच भरतो. बघ, सांगत नव्हते?"

भाचीने शाळेतली फूटपट्टी लावली. चार. मग तिने आत्याची पट्टी हातात घेऊन टोक पाहिलं. पट्टी एकच्या आकड्यापासून सुरू होत होती.

"आत्या, पहिला इंच कुठे आहे?"

"तो होय? तो कधीच कात्रीखाली आला. तू तेव्हा रांगत होतीस."

"अगं, मग एवढी वर्षं कपडे बसले कसे?"

"न बसायला काय झालं? याच पट्टीने मोजते, याच पट्टीने कापते. छातीचा पाव भाग हवा तर पट्टीच्याच चार घड्या घालते. तुमच्यासारखे भागाकार कोण करतं?"

भाची खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली. वहीतलं प्रत्येक माप खऱ्याहून एक इंच मोठं होतं. तिने कोडच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली: वहीतल्या प्रत्येक मापातून एक वजा. संध्याकाळी सिस्टरनी नुसता टाचलेला कोट चढवला, दोन्ही हात वर केले, खाली आणले. उतरत्या खांद्यावर एकही चुणी नव्हती. आत्याने किल्ली माझ्या झाकणावर ठेवली.

'डबडं' म्हटल्याबद्दल माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला नावं ठेवण्याआधी, आणि जुन्या माणसाची वही उतरवून घेण्याआधी, एकदा विचारत जा. एवढीच विनंती आहे. आणि प्लग काढू नका.

रविवारी, ऑपरेशनआधी हात चालत होता तोवर, आत्याने शेवटचं एक माप घेतलं. पट्टी माझ्या अंगावर लावली आणि वहीत माझ्या नावाने सोळा लिहिले. मी पंधरा इंचांचा आहे. त्या मापावरून भाचीने कापलेलं कव्हर मला अगदी मापात बसलं.