मजकूर गोठवल्यानंतर

मजकूर एकदा भाषांतराला गेला की त्याला कोणी हात लावायचा नाही. आम्ही याला ‘गोठवणं’ म्हणतो. हा नियम मी दारावर चिकटवलाय, कॉफीच्या यंत्रावर चिकटवलाय, लुबोशच्या खुर्चीच्या पाठीवरही चिकटवलाय. तरी शुक्रवारी सकाळी मी आमची मूळ चेक भाषेतली फाइल उघडली, तर त्यात एक नवा परिच्छेद आरामात येऊन बसलेला. माझं डोकंच फिरलं.

चेक देशातल्या त्रेबोन्य गावातलं आमचं कार्यालय माशांच्या तळ्यांसाठी प्रोग्रॅम बनवतं. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की तो हवेचे पंप चालू करतो. जुलैच्या उकाड्यात हे पंप रात्रभर बंद राहिले, तर सकाळी सगळे कार्प मासे पोटं वर करून तरंगतात. प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली की तळेवाल्याच्या स्क्रीनवर माहितीपुस्तकही नवं जातं. आमची निम्मी गिऱ्हाइकं हंगेरीत. ते पुस्तक प्रागच्या एका संस्थेकडून हंगेरियनमध्ये करून घेणं हे माझं काम. खरं सांगायचं तर दुसऱ्यांनी केलेली घाण निस्तरणं हे माझं काम.

नव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की या आवृत्तीपासून वीज जाऊन परत आली तरी पंप आपोआप सुरू होणार नाहीत. तळ्यावर जाऊन हिरवं बटण दाबावं लागेल.

मी तशीच लुबोशच्या टेबलाशी गेले. प्रोग्रॅम तोच लिहितो.

“हे काय आहे?”

“काय असायचंय? एक वाक्य टाकलंय.” त्याच्या तोंडात पाव होता. “वीज परत येताना मोटारी जळत होत्या, म्हणून बदललं. लोकांना सांगायला नको?”

“आणि हंगेरीतल्या लोकांना कोण सांगणार, तुझी आजी? भाषांतर होऊनसुद्धा आलंय!”

“मग परत पाठव. सकाळी सकाळी कशाला अंगावर येतेस, ब्लांका?”

आवृत्ती संध्याकाळी आपोआप सगळ्या तळ्यांवर जाणार होती. ती थांबवायची तर मालकाची परवानगी हवी, आणि मालक क्रोएशियात समुद्रावर, फोन बंद करून पडलेला. मी संस्थेला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज लोण्यासारखा.

“ते काम आमच्याकडे बंद झालंय हो. नवीन ऑर्डर टाका, बुधवारपर्यंत देऊ.”

“अहो, तीन ओळी आहेत!”

“तीन ओळींनाही ऑर्डर लागतेच. आणि भाषांतरकाराशी परस्पर बोलू नका हं, करारात आहे.”

मी तसं काही विचारलंही नव्हतं. पण त्यांनीच सुचवल्यावर मी हंगेरियन फाइलच्या माहितीत भाषांतरकाराचं नाव शोधलं, इंटरनेटवरून नंबर काढला आणि फोन केला. गेला करार खड्ड्यात.

इल्दिको नावाच्या त्या बाई चेक छान बोलत होत्या. मी परिच्छेद वाचून दाखवला.

“थांबा, थांबा. आपोआप सुरू होणार नाहीत?” त्यांचा आवाज चढला. “माझ्या वडिलांच्या तळ्यावर तुमचाच प्रोग्रॅम आहे! आधी पाठवा ते, बाकीचं नंतर बोलू.”

माझी कॉफी संपायच्या आत हंगेरियन मजकूर आला. खाली लिहिलं होतं, “ठळक टाका. आमची तळेवाली माणसं ठळक असेल तेवढंच वाचतात.”

मी ठळक टाकलं. आता एकच धोका उरला होता. आमचा सर्व्हर रोज रात्री संस्थेकडच्या फाइली उचलतो आणि आमच्या फाइलींवर टाकतो. तळेवाल्यांच्या स्क्रीनवर उघडतं ते पुस्तक याच फाइलींमधून. संस्थेच्या फाइलीत हा परिच्छेद नव्हता. ती उचलाउचल थांबवायचा अधिकार फक्त लुबोशकडे. पण शुक्रवारी दुपार झाली की आमच्या देशात कोणी कोणाचं नसतं, जो तो गाडी काढून आपल्या जंगलातल्या झोपडीकडे सुटतो. लुबोश मला जिन्यात सापडला, हातात गाडीची किल्ली आणि जंगलात मशरूम गोळा करायची रिकामी टोपली.

“रात्रीची उचलाउचल बंद केलीस?”

“करतो गं. फोनवरून करतो वाटेत. किती कटकट करशील!”

“आत्ता कर. माझ्यासमोर.”

“बायको गाडीत बसलीय, ब्लांका. करतो म्हटलं ना!” आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. त्याच्या झोपडीवर फोन लागत नाही. तरी मी संध्याकाळपर्यंत लावत राहिले.

सोमवारी सकाळी इल्दिकोंचा फोन आला. शनिवारी रात्री वादळात त्यांच्या गावची वीज गेली आणि तासाभरात परत आली. वडिलांना त्यांनी शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. ते टॉर्च घेऊन गेले, बटण दाबून आले. शेजारचे बालिंतकाका मात्र दिवे लागलेले बघून निवांत झोपले.

“किती मासे गेले?” मी विचारलं.

“सगळे.”

मी हातातली कॉफी खाली ठेवली.

“मी काकांना वेगळं सांगितलं नाही,” इल्दिको म्हणाल्या. “पुस्तकात आलंय असं धरून चालले. काल त्यांनी मला ते पान उघडून दाखवलं. त्यात काहीच नाहीये.”

मी आमची हंगेरियन फाइल उघडली. शुक्रवारी रात्री संस्थेची फाइल तिच्यावर येऊन बसली होती. काचेपलीकडे लुबोश वर्तमानपत्र पसरून सगळ्यांना मशरूम वाटत होता. “ब्लांका, तुझा वाटा काढलाय गं!” तो ओरडला. उठून त्याच्या तोंडावर ती टोपली मारावी असं मला मनापासून वाटलं.

“काका इथेच उभे आहेत,” इल्दिको म्हणाल्या. “त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मी मधे भाषांतर करून सांगते.”

एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तो चिडलेला नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

“ते विचारतायत, एवढी मोठी गोष्ट पुस्तकात का नव्हती?”

“त्यांना सांगा,” मी म्हणाले, “आम्ही लिहिलं होतं.”



“नाही,” इल्दिको म्हणाल्या. “हे मी त्यांना नाही सांगणार.”