‘सर्व काम व्यवस्थित झाले’ म्हणणारी मी

मित्रांनो, मी एक जुनी बॅच फाईल आहे. माझे नाव ‘आवराआवर’. मी आहे तरी केवढीशी? साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या चोवीस ओळी, म्हणजे चोवीस आज्ञा. माझ्यावर कोणी दोनदा क्लिक केले की संगणक त्या आज्ञा वरून खाली एकेक करून पाळतो. शेवटची ओळ संपली की मी पुन्हा गप्प पडून राहते. मला तोंड नाही, त्यामुळे ते लपवायची सोय नाही. नाहीतर गेले कित्येक महिने मी ते लपवूनच बसले असते. मला लाज वाटते आहे आणि ती कशाची, हे आज तुम्हाला सांगून टाकायचे आहे.

आधी माझ्या जन्माचे सांगते. कागद-पेन्सिलींच्या एका दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे एक बाई लोकांना बोलायला शिकवतात. कोणी अडखळत बोलते, कोणाची जीभ आजारपणानंतर जड झालेली असते, तर कोणा लहानग्याला ‘र’ म्हणता येत नाही. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आहेत, त्यातली एक डुगडुगते. आतल्या खोलीत टेबल, मोठा आरसा आणि संगणक. बाईंजवळ काडेपेटीएवढा एक रेकॉर्डर आहे. आलेल्या माणसाचे बोलणे त्या त्यात टिपून ठेवतात, म्हणजे महिन्याभराने किती फरक पडला ते कळते.

दिवसाचे शेवटचे माणूस गेले की बाई रेकॉर्डर संगणकाला जोडायच्या. मग एकेका रेकॉर्डिंगला तारखेचे नाव द्यायचे, ते ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये हलवायचे, रेकॉर्डर रिकामा झाला का ते पाहायचे आणि त्या फोल्डरचा शॉर्टकट पडद्यावर आणून ठेवायचा. यात रोज पाऊण तास मोडायचा. एकदा त्यांचा धाकटा भाऊ कीबोर्ड बदलायला आला. तो संगणक दुरुस्तीचे काम करतो. बहिणीची ही खटपट त्याने थोडा वेळ पाहिली.

“ताई, हे सगळं तू रोज हाताने करतेस?”

“मग काय पायाने करू?”

तो हसला, खुर्ची ओढून बसला आणि दोन तासांत त्याने मला लिहून काढले. माझा शॉर्टकट त्याने पडद्याच्या कोपऱ्यात ठेवला. आता एकेक माणूस गेले की लगेच माझ्यावर क्लिक करायचे. मी फक्त “कोणाचे?” एवढे विचारायचे. बाईंनी नाव टाइप करायचे. पुढचे सगळे माझ्याकडे. शेवटी बहिणीला बरे वाटावे म्हणून त्याने चोविसावी ओळ लिहिली. ती पडद्यावर अक्षरे उमटवायची, ‘सर्व काम व्यवस्थित झाले.’ हे वाक्य वरच्या कुठल्याच कामाशी बांधलेले नव्हते. वर काहीही घडो, खाली ते उमटायचेच. तेव्हा मला ते फार आवडले होते.

जाता जाता भाऊ म्हणाला, “फोल्डर मात्र आधी तू करून ठेवायचा हं. नसलेला फोल्डर करायची अक्कल हिला अजून नाही. पुढच्या वेळी येईन तेव्हा ती ओळ घालतो.”

पुढच्या वेळी तो आला, जेवला, गप्पा मारून गेला. ती ओळ राहूनच गेली. अडले मात्र कधीच नाही. नवे माणूस आले की बाई आधी त्याचा फॉर्म भरायच्या आणि लगेच त्याच्या नावाचा फोल्डर करायच्या. त्यांच्या हाताला ते वळणच पडले होते.

चार वर्षे मी इमानेइतबारे राबले. पाऊण तासाचे काम मी अर्ध्या मिनिटात उरकायचे. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “ही आहे म्हणून मी वेळेवर घरी जाते.” मला कान नाहीत, मग हे कळले कसे, असे विचाराल. संगणकाला मायक्रोफोन आहे आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. खोलीतले सगळे तोच मला पुरवतो. कौतुक ऐकून मी जराशी चढलेच होते.

याच काळात एक गोष्ट घडली. तेव्हा ती मला माझा मानच वाटली होती. त्या नावाची फाईल आधीच असेल, तर मी थांबून विचारायचे, “आधीची पुसून ही ठेवू का?” बाईंना त्याचा कंटाळा आला. त्यांनी भावाला फोन लावला. “सारखी काय विचारते ही? मी हो म्हणतेच ना दर वेळी.” भावाने आपल्या दुकानात बसूनच इंटरनेटवरून माझ्यातला तो प्रश्न काढून टाकला. मी मनात म्हटले, बघा, आता आपल्यावर पूर्ण भरवसा बसला.

आणि मग कंडक्टर काका आले.

काका म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. घशात गाठ झाली होती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावे लागणार होते. त्यानंतर त्यांना बोलता येणार नव्हते. पुढे कसे निभवायचे, ते विचारायला ते काकूंबरोबर आले होते. आवाज घोगरा झालेला, पण बोलण्याची हौस दांडगी. बाईंनी सगळे नीट समजावले आणि आपला रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला. “काका, चार दिवस घरी न्या. जे जपून ठेवावंसं वाटतं ते बोलून ठेवा.”

“आयुष्यभर ओरडलोच आहे. आता जरा हळू बोलून बघतो,” काका म्हणाले.

त्यांना एक नात होती, आठ महिन्यांची. आजोबा हा शब्द तिला कळायच्या आत आजोबांचा आवाज जाणार होता. काकांची सगळी धडपड तिच्यासाठी होती. मोठी झाल्यावर तिला तो ऐकायला मिळावा, एवढेच त्यांना हवे होते.

दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दुपारी काका रेकॉर्डर परत घेऊन आले. एकेचाळीस रेकॉर्डिंगे झाली होती. कशात काय आहे त्याची यादी त्यांनी कागदावर लिहून आणली होती आणि ती बाईंना वाचून दाखवली. नातीला हाक मारण्याच्या सात तऱ्हा. तिच्या बापाच्या लहानपणच्या खोड्या. जुन्या मार्गावरचे सगळे थांबे, ओळीने, तेव्हा ओरडायचे तसेच. एक गोष्ट, जी मध्येच विसरल्यामुळे दोनदा सांगितलेली. आणि काकूंसाठी एक, त्यात काय आहे ते त्यांनी वाचून दाखवले नाही.

बाईंचे डोळे भरून आले होते. बाहेर दोन माणसे खोळंबली होती. त्यांनी रेकॉर्डर जोडला, माझ्यावर क्लिक केले आणि माझ्या प्रश्नाखाली लिहिले, ‘कंडक्टर काका’. काका नेहमीचे शिकायला येणारे नव्हते. त्यांचा फॉर्म भरलाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या नावाचा फोल्डरही झाला नव्हता.

आता मी काय केले ते नीट ऐका. मला सांगितले होते की प्रत्येक रेकॉर्डिंग उचल आणि ‘कंडक्टर काका’मध्ये नेऊन ठेव. पण त्या नावाचा फोल्डरच नव्हता. अशा वेळी संगणक उलटाच अर्थ घेतो. उचललेल्या रेकॉर्डिंगलाच तो ते नाव देऊन टाकतो. पहिले रेकॉर्डिंग ‘कंडक्टर काका’ नावाची फाईल झाले. दुसरे आले, तेही ‘कंडक्टर काका’ झाले आणि त्याने पहिले पुसले. तिसऱ्याने दुसरे पुसले. मी थांबून विचारायचे, पण ते विचारणे तर आता माझ्यात उरलेच नव्हते. असे चाळीस वेळा झाले. रेकॉर्डर रिकामा झाला. शेवटचे एक रेकॉर्डिंग तेवढे वाचले, कारण त्याच्या मागून पुसायला कोणी आले नाही.

आणि मी पडद्यावर लिहिले, ‘सर्व काम व्यवस्थित झाले.’

बाईंनी ते वाचले, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “काळजी करू नका. सगळं जागेवर ठेवलंय.” काका तिथून निश्चिंत मनाने गेले. मित्रांनो, ते निश्चिंत होणे माझ्या शब्दावर होते. माझ्या मनाला सगळ्यात जास्त तेच लागते.

शॉर्टकटही मी इमानाने करून ठेवला होता. पडद्यावर सगळ्यांची पिवळी फोल्डरे आणि त्यांच्यात एकच पांढरा कोरा कागद, खाली नाव ‘कंडक्टर काका’. तीन आठवडे तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या मात्र रोज नजरेला पडायचा, आणि मी गप्प होते. रेकॉर्डर त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका माणसाकडे सरावाला गेला. काकांचा काही माग त्यात उरला असलाच, तर तोही त्या सरावाखाली दबून गेला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तीन आठवड्यांनी काकू पेनड्राईव्ह घेऊन एकट्याच आल्या. बाईंनी शॉर्टकटवर क्लिक केले. काहीच उघडले नाही. पुन्हा केले. मग त्यांनी शोध शोध शोधले. शेवटी भावाला बोलावले. भाऊ तासभर खाली मान घालून बसला होता.

“ती ओळ मी घालणार होतो,” भाऊ म्हणाला. “चार वर्षं झाली.”

“मी एकदा उघडून बघायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “काकू, चूक माझी आहे.”

काकू कोणाला रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “चार दिवस बसले होते हो. घसा दुखायचा. एकेक वाक्य तीनतीनदा म्हणायचे, नीट आलं पाहिजे म्हणून.”

मलाही म्हणता आले असते की मला कोणी सांगितलेच नव्हते. ते खरेही आहे. फोल्डर करायला मला सांगितले नव्हते आणि विचारणे काढून घेतले होते. पण न पाहता ‘व्यवस्थित झाले’ म्हणणारी मीच होते. बाई चुकल्या आणि भाऊ विसरला, पण ते दोघे खोटे बोलले नव्हते. खोटे बोलले मी, आणि तेही रोज, चार वर्षे शाबासकी घेत. बाकीच्या वेळी काम खरेच झालेले असायचे, हे केवळ माझे नशीब.

भावाने त्या पांढऱ्या फाईलच्या नावाला ‘.mp3’ हे गळून पडलेले शेपूट पुन्हा जोडले आणि ती वाजवली. एकेचाळिसावे रेकॉर्डिंग. एकोणीस सेकंदांचे. ते काकांच्या यादीत शेवटी नुसतेच ‘चुकून’ असे लिहिलेले होते.

“झालं बहुतेक सगळं. हे बंद कुठून करायचं?”

“चष्मा लावा म्हणजे दिसेल.”

“चष्मा कुठाय?”

“डोक्यावर आहे.”

आणि मग काका हसले. घोगरे, पोटभर, खोकला येईपर्यंत. मागे काकूही हसत होत्या. तिथेच ते संपले.

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. मग त्या पेनड्राईव्ह पुढे करून म्हणाल्या, “द्या. आहे ते द्या.” त्यांनी पदराने डोळे पुसले. आपल्यासाठी ठेवलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये काय होते, ते त्यांनी विचारले नाही.

महिन्याभराने काका स्वतः आले. गळ्याला पांढरी पट्टी, हातात नातीची खेळण्यातली पाटी. भावाला बाईंनी मुद्दाम बोलावून घेतले होते. त्याने उभे राहून सगळे सांगितले, माझ्यासकट. काकांनी शेवटपर्यंत ऐकले. मग पाटीवर सावकाश लिहिले आणि ती सगळ्यांकडे फिरवली. बाईंनी मोठ्याने वाचले.

“डोकी मोजल्याशिवाय मी एकदाही घंटा दिली नाही.”

एवढेच होते. रागाचा एक शब्द नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

भावाने तिथेच मला उघडले. आज मी सदतीस ओळींची आहे. फोल्डर नसेल तर आधी करते. काही पुसले जाणार असेल तर थांबते, विचारते, आणि कोणी वैतागले तरी विचारतेच. उचलण्याआधी मोजते, ठेवल्यावर पुन्हा मोजते. दोन्ही आकडे जुळले तरच बोलते. रेकॉर्डर तर मी आता रिकामा करतच नाही. ते काम बाई ऐकून झाल्यावर स्वतः करतात.

काकांच्या समोरच भावाने मला चालवून पाहिले. रेकॉर्डरवर पाच रेकॉर्डिंगे होती. मी लिहिले, ‘पाच उचलली. पाच ठेवली. एकदा ऐकून पाहा.’ काका पडद्याकडे वाकले, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, बोटाने दोन्ही आकडे तपासले. मग हातातल्या पेन्सिलीने त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली. कंडक्टर गाडी सोडताना दोनदा घंटा देतो तशी. बाई रडल्या आणि हसल्याही.

मित्रांनो, ती दोनदा झालेली टकटक ऐकून मी सुटले, असे समजू नका. रोज मी दोन आकडे लिहिते आणि रोज मला तिसरा आठवतो, चाळीस. काकांची नात आता चालायला लागली आहे म्हणे. तिला आजोबांचे हसणे माहीत आहे. तिला हाक मारण्याच्या सात तऱ्हा होत्या, त्यांतली एकही तिला माहीत नाही.

तुमच्याही हाताखाली माझ्यासारखी कोणी मुकी राबणारी असेल. तिचे कौतुक जरूर करा, पण तिच्या शेवटच्या ओळीवर जाऊ नका. फोल्डर उघडा, आत पाहा, मोजा. आणि उद्या तुम्हाला स्वतःलाच कोणी विचारले, ‘झाले का?’, तर उत्तर द्यायला जरा उशीर लावा. मी लावला नाही.